टाळ्यांसकट

एखाद्या जुन्या रॉक कॉन्सर्टचे प्रेक्षकांमध्ये बसून केलेले रेकॉर्डिंग ऐकायला घेतले की पहिले गाणे सुरू होण्याआधीचा भाग मी कधीही पुढे ढकलत नाही. दिवे मंद झाल्यावर उठणारा गलका, कुणी कुणाला मारलेली हाक, मायक्रोफोनजवळच्या माणसाचा खोकला, ड्रमवर पडलेला एखादा चाचणीचा ठोका आणि या सगळ्यामागे घुमणारे ते सभागृह, एवढ्यावरून ती जागा कानांपुढे उभी राहते. छत उंच आहे की बुटके, रेकॉर्ड करणारा रंगमंचापासून किती लांब बसला आहे, गर्दी उतावळी आहे की मुरलेली, हे त्या मिनिटभरात कळून येते. अधिकृत लाइव्ह अल्बम तयार होताना बहुतेक वेळा हाच भाग आधी कात्रीखाली जातो, आणि कित्येक अल्बमांत तर गायनवादनाचे तुकडेही नंतर स्टुडिओत पुन्हा रेकॉर्ड करून बसवलेले असतात. त्या अल्बमांवर माझा राग नाही. त्यातले अनेक मला तोंडपाठ आहेत. पण एखादी विशिष्ट रात्र जशी घडली तशी ऐकायची असेल, तर रसिकांनी जपलेल्या, दुरुस्त केलेल्या आणि एकमेकांना विनामूल्य दिलेल्या रेकॉर्डिंगांना पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

या परंपरेची सुरुवात चोरून झाली, हे आधीच सांगायला हवे. १९६९ साली बॉब डिलनची अप्रकाशित गाणी कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातल्या रेकॉर्डवरून विकली जाऊ लागली, आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या ओकलंडच्या कॉन्सर्टमध्ये गुपचूप केलेले रेकॉर्डिंगही रेकॉर्डच्या रूपात बाजारात आले. तो धंदा होता आणि त्यातला पैसा कलाकारांपर्यंत पोहोचत नव्हता. मात्र त्याच काळात दुसऱ्याही प्रकारची माणसे तयार होत होती, ज्यांना विकायचे काहीच नव्हते आणि चांगले रेकॉर्डिंग करण्याचा ध्यास मात्र व्यावसायिकांनाही लाजवील असा होता. लॉस एंजेलिसच्या परिसरातला माइक मिलर्ड हा त्यांतला सर्वांत विलक्षण माणूस म्हणावा लागेल. तो कॉन्सर्टला चाकांच्या खुर्चीत बसून जात असे. त्याला चालता येत होते. खुर्ची हवी होती ती तिच्याखाली दडवलेल्या नाकामिची ५५० या वजनदार कॅसेट डेकसाठी. २१ जून १९७७ रोजी इंगलवूडच्या फोरम या सभागृहात त्याने केलेले लेड झेपेलिनचे रेकॉर्डिंग आजही प्रेक्षकांतून केलेल्या रेकॉर्डिंगांचा मापदंड मानले जाते. मिलर्ड १९९४ साली गेला. त्याच्या मित्रांनी जपलेल्या पहिल्या पिढीच्या, म्हणजे थेट मूळ टेपवरून काढलेल्या, प्रती २०२० पासून एकेक करून नीट उतरवून सर्वांसाठी खुल्या झाल्या, आणि २०२५ साली तर पिंक फ्लॉइडने आपल्या १९७५ सालच्या अल्बमच्या पन्नाशीनिमित्त काढलेल्या संचात मिलर्डनेच टिपलेली २६ एप्रिल १९७५ ची लॉस एंजेलिसची कॉन्सर्ट, स्टीव्हन विल्सन या संगीतकाराकडून दुरुस्त करून घेऊन, अधिकृतपणे समाविष्ट केली. खुर्चीखाली लपवून आत नेलेल्या यंत्रावरचा आवाज पन्नास वर्षांनी खुद्द बँडच्या नावाने बाहेर पडतो, याचा मला मनापासून आनंद झाला.

ग्रेटफुल डेड या बँडने मात्र लपवाछपवीची गरजच संपवली. ऑक्टोबर १९८४ पासून त्यांनी रेकॉर्ड करणाऱ्या प्रेक्षकांसाठी ध्वनिनियंत्रकाच्या मागची जागा रीतसर राखून ठेवायला सुरुवात केली. अट एकच होती, की टेप वाटा, अदलाबदल करा, पण विकू नका. या एका अटीमुळे जगभर टपालाने हिंडणाऱ्या कॅसेटींचे जे जाळे तयार झाले, त्याचा एक धागा आमच्या ठाण्या-वाशीपर्यंत कसा आला ते पुढे सांगते. त्याआधी ८ मे १९७७ चा उल्लेख करायलाच हवा. त्या रात्री कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये डेडची कॉन्सर्ट झाली. बाहेर मे महिन्यात बर्फ पडत होता. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी साउंडबोर्डवरून, म्हणजे थेट ध्वनिनियंत्रकाच्या यंत्रावरून, ती रेकॉर्ड केली. पुढे भाड्याच्या गोदामात ठेवलेल्या त्यांच्या टेपा भाडे थकल्यामुळे १९८६ साली लिलावात गेल्या, आणि ज्या रसिकांच्या हाती त्या लागल्या त्यांनी त्या वाळवून, साफ करून, प्रती काढून जगाला दिल्या. कॉर्नेलची ही कॉन्सर्ट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत घेतली आणि तिचा अधिकृत अल्बम निघाला तो थेट २०१७ साली. म्हणजे ज्या रेकॉर्डिंगला राष्ट्राने ठेवा मानले, ते तोवर केवळ रसिकांच्या कपाटांमधून आणि हार्ड डिस्कांमधून टिकले होते.

आता वाशीची गोष्ट. माझ्या वडिलांचे बँकेतले एक सहकारी, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणते, वाशीत खाडीपासून जवळच राहतात. त्यांचे थोरले भाऊ ऐंशीच्या दशकात अमेरिकेत शिकायला होते आणि तिकडच्या मित्रांकडून डेडच्या कॅसेटी भरून घेऊन इकडे पाठवत. काकांनी त्या ऐकल्या, मित्रांना ऐकवल्या, कुणी मागितली तर दुहेरी डेकवर दुसरी भरून दिली. आणि जसे सगळीकडे होते तसे कधी मूळ कॅसेट बाहेर गेली आणि भरलेली प्रत घरी राहिली. मी कॅसेटींचा खोका मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा विचारले, “काका, यातल्या तिकडून आलेल्या कोणत्या आणि इथे भरलेल्या कोणत्या, कसे ओळखायचे?” ते म्हणाले, “अगं, दादाने पाठवलेल्या सगळ्या मॅक्सेलच्या. सोनीच्या दिसतील त्या मी भरलेल्या. आणि दादाच्या अक्षराला हात लावू नकोस, चिठ्ठ्या फाटल्यात.” ठाण्याला येणारी लोकल संध्याकाळी भरून येते, म्हणून त्या दिवशी मी दोन गाड्या सोडल्या आणि बसायला मिळाल्यावरच निघाले.

कॅसेटच्या दुरुस्तीत आपल्याकडचा पहिला शत्रू म्हणजे हवा. खाडीकाठच्या दमटपणात कपाटात पडून राहिलेल्या कॅसेटी उजेडाकडे धरल्या की खिडकीतून दिसणाऱ्या फितीच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके दिसतात. ती बुरशी असते. अशी कॅसेट तशीच डेकमध्ये घातली तर बुरशी फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर चढते आणि पुढच्या निरोगी कॅसेटीलाही लागते, शिवाय गुंडाळीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर फीत तुटते. दुसरा दोष कॅसेटच्या बांध्यातला आहे. फितीला हेडवर हलके दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा, जो एका पितळी पट्टीवर डिंकाने चिकटवलेला असतो, तो तीस-चाळीस वर्षांनी गळून पडतो, आणि मग आवाज दबका, येतो-जातो असा होतो. अशा वेळी एकच मार्ग उरतो: स्क्रूवाली चांगली रिकामी कॅसेट घ्यायची, दोन्ही उघडायच्या, आणि जुन्या फितीच्या दोन्ही चकत्या नव्या खोक्यात उचलून ठेवायच्या. काकांच्या ज्या कॅसेटींना स्क्रू नव्हते, ज्यांची दोन अर्धी एकमेकांना चिकटवलेली होती, त्या पातळ पात्याने शिवणीवर उघडाव्या लागल्या. या कामाला घाई चालत नाही आणि पंखा तर अजिबात चालत नाही.

यानंतरचा टप्पा माझ्या सर्वाधिक आवडीचा. प्लेअरचे हेड फितीच्या धावण्याच्या दिशेशी नेमके काटकोनात असावे लागते. ज्या यंत्रावर ती कॅसेट भरली गेली त्याचे हेड केसभर कलते असेल, तर आपल्या सरळ हेडवर वाजताना तिचे वरचे स्वर मरतात; झांजांची चमक जाते, शब्दांतली व्यंजने बोथट होतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की रेकॉर्डिंगच वाईट आहे. प्रत्यक्षात सगळे फितीवर असते. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. डावा आणि उजवा आवाज एकत्र करून मोनोमध्ये ऐकत तो स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या एखाद्या मिनिटाइतका, फिरवत जायचे. काही क्षण काहीच होत नाही. मग एकदम, जणू कानांवरून हात काढावेत तशी, झांज उघडते, तिच्या मागे टाळ्यांचे सुटे सुटे दाणे ऐकू येतात, आणि थोडे पुढे गेले की पुन्हा सगळे मिटते. मग मागे यायचे. ज्या जागी सर्वांत जास्त उघडते ती त्या कॅसेटची जागा, आणि पुढच्या कॅसेटला ती वेगळी असते. मोठमोठ्या सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही बटणाने या एका स्क्रूइतकी सुधारणा होत नाही, कारण जे फितीवरून उतरलेच नाही ते नंतर कुठूनही आणता येत नाही. रसिकांच्या दुरुस्तीत जी माणसे नाव कमावून आहेत, त्यांच्या कामाचा मोठा भाग असा संगणकाआधीच संपलेला असतो.

संगणकावर आल्यावर मी आधी वेग तपासते. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असला तरी घरगुती डेक त्यात टक्का-दीड टक्का सहज चुकतात, आणि प्रतीवर प्रत होत गेली की चुका साठत जातात. वेग तपासायला विजेचा उपयोग होतो. वाद्यांचे अॅम्प्लिफायर, स्पीकर आणि डेक यांतून विजेची एक खालच्या स्वरातली गुणगुण सतत रेकॉर्ड होत असते. अमेरिकेत तिची सेकंदाला ६० आवर्तने आणि आपल्याकडे ५०. काकांची सोनीची एक कॅसेट मी वर्णपटावर, म्हणजे आवाजातली कमी-जास्त आवर्तने वेगवेगळी दाखवणाऱ्या चित्रावर, पसरून पाहिली तेव्हा तिच्यात अगदी तळाला दोन बारीक रेघा दिसल्या. एक नेमकी ५० वर होती, म्हणजे वाशीत ती भरताना आणि माझ्याकडे वाजताना वेग जुळत होता. दुसरी ६१.२ च्या आसपास होती, म्हणजे त्याआधीच्या कुठल्या तरी पायरीवर आवाज दोन टक्के चढला होता. दोन देशांची वीज एकाच फितीवर शेजारी शेजारी गुणगुणत होती, आणि त्या दोन रेघांनी त्या कॅसेटचा सगळा प्रवास मला सांगितला. दोन टक्के म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण तिसरा भाग. ऐकायला फार वाटत नाही, पण गायकाचा गळा त्यामुळे किंचित कोवळा होतो आणि ठेका उगाच घाईत असल्यासारखा वाटतो. अर्थात ६० ची ती रेघ मूळ कॉन्सर्टमधली की अमेरिकेत कुणाच्या घरी प्रत काढताना शिरलेली, हे केवळ रेघेवरून ठरत नाही. म्हणून त्याच रात्रीचे दुसऱ्या माणसाने केलेले रेकॉर्डिंग शोधून, दोन्हींतले एखादे लांब टिकणारे स्वर जुळवून पाहावे लागतात. डेडच्या बाबतीत ते सोपे जाते, कारण इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर त्यांच्या हजारो कॉन्सर्ट, बहुतेकदा एकाच रात्रीच्या अनेक आवृत्त्यांसह, ऐकायला उपलब्ध आहेत.

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. मतभेद सुरू होतात ते यापुढे, आवाज किती साफ करायचा या प्रश्नापाशी, आणि मी माझी बाजू स्पष्टच सांगते. फितीचा जो सूं असा आवाज असतो तो ज्या पट्ट्यात असतो, त्याच पट्ट्यात झांजेचे विरत जाणे, गायकाचा श्वास आणि सभागृहातली हवा असते. सूं पुसायला गेले की तेही पुसले जाते आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा डचमळतो. सूंची सवय कानाला काही मिनिटांत होते. त्या डचमळण्याची कधीच होत नाही. दुसरा मोह असतो आवाज सर्वत्र सारखा मोठा करण्याचा. फोनवर ऐकताना तो भरीव वाटतो खरा, पण डेडसारखा बँड एखादे गाणे इतके हळू आणतो की सभागृह पुढे झुकून ऐकू लागते, आणि मग तिथून वर चढतो. तो चढच सपाट केला तर त्या रात्रीचे काय उरले? हल्ली तिसरा मोह आला आहे. २०१९ साली डीझर या कंपनीने स्प्लीटर नावाचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले, आणि तेव्हापासून मिसळलेल्या आवाजातून गायन, ड्रम, बेस वेगवेगळे काढणे घरबसल्या शक्य झाले आहे. दूरवर बसून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाचा आवाज थोडा पुढे आणायला त्याचा उपयोग मीही करते आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. पण याच साधनाने प्रेक्षक पूर्ण वजा करून त्या रेकॉर्डिंगला स्टुडिओचे रूप देणाऱ्या आवृत्त्या हल्ली कौतुकाने फिरतात, आणि त्या ऐकताना मला खरोखर वाईट वाटते. ती माणसे तिथे होती. त्यांच्यासाठी तो बँड वाजवत होता, आणि त्यांनी आरडाओरडा केला म्हणूनच तो अमुक एका गाण्यात ठरल्यापेक्षा लांबवर गेला.

आपल्याकडे हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. पुण्या-मुंबईतल्या किती तरी घरांत साठ-सत्तरच्या दशकांतल्या खासगी मैफलींचे स्पूल आहेत, आणि त्यांवर तंबोरे जुळवण्यापासून चहाच्या कपांच्या किणकिणाटापर्यंत सगळे आहे. गवयाने एखादी जागा घेतली, समोरून “क्या बात है” आले, आणि त्याने तीच जागा पुन्हा, आणखी खोल जाऊन घेतली. त्यातली दाद काढून टाकली तर त्याने ती पुन्हा का घेतली हे कुणाला कळणार? रॉकमध्ये याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १७ मे १९६६ चे आहे. लोकगीतांसाठी नावाजलेल्या डिलनने विजेवरचे गिटार हाती घेतल्याने दुखावलेल्या प्रेक्षकांतला एक जण दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत “जूडस” (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) असे ओरडतो, डिलन त्याला उत्तर देतो, आणि मग बँडला घेऊन शेवटच्या गाण्यात असा उतरतो की ते उत्तर त्या गाण्याच्या प्रत्येक ठोक्यात ऐकू येत राहते. ती एक आरोळी गाळा, आणि त्या गाण्यातला राग बिनकारणाचा होऊन जातो.

याच रेकॉर्डिंगमुळे आणखी एक गोष्ट ठळक होते, ती चिठ्ठीची, म्हणजे सोबतच्या नोंदीची. वर्षानुवर्षे ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधले म्हणून फिरले. वास्तविक ते मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधले आहे. १९९८ साली अधिकृत अल्बम निघाला तेव्हा वेष्टनावर ते जुने चुकीचे नाव अवतरणचिन्हांत घालून तसेच ठेवले गेले, इतके ते लोकांच्या तोंडी बसले होते. म्हणून जबाबदार माणूस रेकॉर्डिंगबरोबर एक साधी मजकुराची फाइल देतो, आणि माझ्या लेखी ती फाइल आवाजाइतकीच मोलाची असते. कुणी, कुठल्या मायक्रोफोनवर, कुठल्या डेकवर टिपले. ही कितवी प्रत. कुठल्या यंत्रावरून उतरवली. वेग किती बदलला. कॅसेट उलटताना गेलेला तुकडा कुठल्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून आणून बसवला आणि तो कितव्या मिनिटाला आहे, हे सगळे त्यात लिहिलेले असते. सोबत काहीही बदल न केलेली मूळ उतरवणी वेगळी ठेवली जाते, तीही फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा एकही अंश न गाळता. उद्या कुणाचे कान माझ्यापेक्षा तयार असतील, साधने चांगली असतील, तर त्याला माझ्या दुरुस्तीवर दुरुस्ती करत बसावे लागू नये. त्याला थेट फितीपाशी जाता यावे. एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवून मूळ म्हणून खपवणारे लोकही असतात, पण वर्णपटावर १६ हजार आवर्तनांच्या वर कात्रीने कापल्यासारखा अंधार दिसला की ते उघडे पडतात.

कायद्याचा प्रश्न टाळता येणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्क मिळाला आणि १९९९ पासून तो पन्नास वर्षांचा झाला. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा अभ्यासासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला त्यात सूट आहे, वाटण्याला नाही. म्हणून मी जे बँड वाटायला परवानगी देतात त्यांचेच पुढे देते, बाकीचे स्वतःपुरते ठेवते. या जगातले जुने लोक आणखी एक पथ्य पाळतात आणि ते मला फार योग्य वाटते: एखादी कॉन्सर्ट अधिकृतपणे प्रकाशित झाली, की तिची रसिकांनी केलेली आवृत्ती वाटणे थांबवायचे आणि तो अल्बम विकत घ्यायचा.

यात नवी मुंबईचे स्वतःचे असे काही आहे का, असे मला एकदा भाच्याने विचारले. १५ डिसेंबर २०१९ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू टू या आयरिश बँडची भारतातली पहिली कॉन्सर्ट झाली, ए. आर. रहमान पाहुणे म्हणून आले होते आणि त्या संपूर्ण दौऱ्याचा शेवट तिथेच झाला. आम्ही दोघे त्या गर्दीत होतो. तिथे जे पाहिले त्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. १९७७ साली एक माणूस खुर्चीखाली डेक लपवून आख्खी रात्र टिपत होता. २०१९ साली नजर जाईल तिथवर उंचावलेले फोन होते, आणि जो तो आपल्या आवडीचे ध्रुवपद आले की बटण दाबून, ते संपले की थांबवत होता. भाचा म्हणाला, “मावशी, एवढ्या लोकांनी रेकॉर्ड केलंय, म्हणजे ही कॉन्सर्ट तर कायमची राहिली ना?” राहिली, पण तुकड्यांत. मला सापडलेल्या क्लिपांमध्ये गाजलेल्या कडव्यांची खंडीभर रूपे आहेत, आणि गाण्यांच्या सुरुवाती, दोन गाण्यांच्या मधले बोलणे, गिटारचे लांब वादन यांच्या जागा मोकळ्या आहेत. शिवाय फोन हा बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज आला की तो आपोआप स्वतःची संवेदना कमी करतो आणि शांत झाले की वाढवतो, त्यामुळे प्रत्येक ड्रमच्या ठोक्यागणिक सगळा आवाज दबतो आणि पुन्हा वर येतो. वेगवेगळ्या फोनांची दबण्याची रीतही वेगवेगळी असते.

तरीही भाचा आणि मी ते तुकडे जुळवायला बसलो. दोन क्लिपांच्या आवाजाच्या लहरी एकमेकांखाली ठेवून एखादा ठोका जुळवायचा, मग दोन्हींचा वेग सूक्ष्म फरकाने वेगळा निघतो तो सुधारायचा, मग जिथे एक दबते तिथे दुसरी वर घ्यायची, असे ते काम चालते. एका क्लिपमध्ये गाण्याच्या अगदी हळव्या ओळीच्या मध्ये मागून एक बाई स्वच्छ मराठीत म्हणतात, “पाण्याची बाटली कुणाकडे आहे का रे?” आणि दोन-तीन पोरांचा एकदम होकार येतो. भाच्याने विचारले, “हे काढायचं ना?” तेवढ्या जागेसाठी आमच्याकडे दुसरी क्लिप होती आणि ती आवाजाने अधिक चांगली होती. मी नाही म्हटले. त्या संपूर्ण दौऱ्यातल्या कुठल्याही दुसऱ्या गावच्या रेकॉर्डिंगमध्ये हे वाक्य मिळणार नाही. ही कॉन्सर्ट नेरुळची आहे याचा त्याहून पक्का पुरावा मला ठाऊक नाही. फाइलमध्ये मी तो मिनिट आणि दोन्ही क्लिपांची नोंद करून ठेवली आहे, म्हणजे ज्याला दुसरी क्लिप हवी त्याला ती बसवता येईल.

काकांच्या कॅसेटींचे काम अजून चालू आहे आणि पावसाळ्याआधी बुरशी लागलेल्या तरी उतरवून व्हाव्यात असा माझा प्रयत्न आहे. ठाण्यात, वाशी-नेरुळकडे कुणाच्या माळ्यावर अशा भरलेल्या कॅसेटी असतील, मग त्या रॉकच्या असोत की घरच्या मैफलींच्या, तर त्यांना एवढीच विनंती आहे की उत्साहाने लगेच वाजवून पाहू नका. आधी उजेडात धरून ठिपके बघा, नमद्याचा तुकडा जागेवर आहे का ते बघा, फीत सैल असेल तर बोटाने किंवा पेन्सिलीने हलके फिरवून घट्ट करा. आणि आतल्या चिठ्ठीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, तिच्यावर लिहिलेले कितीही निरर्थक वाटले तरी. काकांच्या दादांनी एका चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने फक्त “डावीकडून, बाल्कनी” असे लिहिले होते. त्या रात्रीच्या मला सापडलेल्या आवृत्त्यांपैकी ही नेमकी कोणती, हे शेवटी त्या दोन शब्दांवरूनच ठरले, कारण त्यांच्या कॅसेटीत टाळ्यांचा जोर सबंध वेळ उजव्या कानात होता.